पिवळी खिट्टी

खिट्टीवर पिवळा ठिपका नव्हता. सेंट लुईसमधल्या आपल्या गल्लीत, सकाळी सात वाजता, गाडी सुरू करून, समोरच्या बाईला हात करून झाल्यावर, अगदी निघता निघता वेंडेल क्रूगर उगाच एकदा मागं जाऊन वाकला आणि त्याला ते दिसलं. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. गाडीच्या शेपटाशी लोखंडी गोळा, गोळ्यावर ट्रेलरचं तोंड, तोंडाला झडप, आणि ती झडप रस्त्यातल्या हादऱ्यानं उघडू नये म्हणून तिच्यातून आरपार घातलेली बोटभर खिट्टी. एवढीशी वस्तू, पण वीस फुटांचं घर मागं बांधून दीड हजार मैल जायचं तर भिस्त सगळी तिच्यावर. वेंडेलनं एकतीस वर्षं शहरातल्या लिफ्टा तपासल्या होत्या. जे आपण डोळ्यांनी बघितलं, हातानं ओढून पाहिलं, त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, ही त्याची तेव्हापासूनची सवय. घरात गॅसच्या नळावर ठिपका, जिन्याच्या कठड्यावर ठिपका. त्याची बायको अर्लीन लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी म्हणाली होती, 'माझ्यावरही एक देऊन टाक, म्हणजे सुटले.' तर या खिट्टीच्या कडीवर त्यानं स्वतःच्या हातानं ठिपका दिला होता, आणि आज झडपेत बसलेली खिट्टी कोरी होती, नवी, चकचकीत. खिट्टी आपणच घातली हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे तसं घातल्याचं आठवत नव्हतं, पण घातली असणारच. चाळीस वर्षं घालतोय. मग ही कोणाची? गाडीच्या बाजूच्या आरशात अर्लीन दिसत होती, मांडीवर नकाशा पसरून बसलेली, इतकी शांत की त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं विचारलं नाही. विचारलं की समोरचा 'कुठं काय' म्हणतो आणि सावध होतो, हे तो लिफ्टांच्या खड्ड्यात उभा राहून शिकला होता. इमारतीचा व्यवस्थापक जितका गोड हसेल तितकी दोरखंडं जास्त झिजलेली. तो मुकाट्यानं गाडीत बसला. वॉटसन रोडवरून बाहेर पडेपर्यंत अर्लीन नेहमीसारखं बोलत होती, थर्मासमधली कॉफी ओतून देत होती, आणि तो ऐकत होता की आज तिच्या बोलण्यात काय जास्तीचं आहे. दर तीन-चार वर्षांनी ते असे निघत, मुलगी कोलीन राहते त्या ॲरिझोनातल्या किंगमनपर्यंत, आणि जायचं ते जुन्याच रस्त्यानं, सहासष्ट नंबरच्या. नवा हमरस्ता बाजूनं सुसाट जातो, पण तो आपल्यासाठी नाही, असा वेंडेलचा हट्ट. जुना रस्ता आता अखंड राहिलेला नाही. कुठं तो गावातली मुख्य गल्ली होऊन जातो, कुठं शेताच्या कुंपणाशी अंग चोरून चालतो, कुठं नव्या रस्त्याखाली गडप होतो आणि चार मैलांवर पुन्हा डोकं वर काढतो. त्याला सांभाळत जावं लागतं, आणि वेंडेलला ते येतं, ही त्याच्या आयुष्यातली एक अभिमानाची गोष्ट होती. फारशा उरल्या नव्हत्या. पहिल्या पेट्रोलला थांबले तेव्हा अर्लीन उतरून म्हणाली, 'मी जरा टायर बघून येते.' चाळीस वर्षांत तिनं कधी टायर बघितले नव्हते. तो आरशात बघत राहिला. ती टायरांकडे गेलीच नाही. गाडी आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीत वाकली, आरशातून नाहीशी झाली, आणि परत आली तेव्हा हात पुसत होती.

खरं तर मागं उभं राहणं हे तिचं कामच होतं, पण वेगळ्या वेळी. ट्रेलर मागं घेताना तो गाडीत आणि ती मागच्या कोपऱ्यावर, हात वर करून, त्याला आरशात दिसेल अशी. तुला माझा आरसा दिसत नसेल तर मला तू दिसत नाहीस, एवढा एकच नियम. अन् एक शब्द. त्यांच्या भाषेत उजव्या बाजूला आणि 'बरोबर'ला शब्द एकच. कोलीन सहा वर्षांची असताना मिझुरीतल्या एका फळवाल्याच्या अंगणात ट्रेलर मागं घेत होते, अर्लीन ओरडली, 'बरोबर, बरोबर,' आणि वेंडेलनं इमानेइतबारे गाडी उजवीकडे घेऊन फळवाल्याचं पीचचं आख्खं मेज चिरडलं. रस्त्यावर रस, टायरला साली, कोलीनचे हात कोपरापर्यंत चिकट आणि ती हसून हसून बेजार. फळवाला मात्र हसत नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द मागच्या कोपऱ्यातून हद्दपार केला. ट्रेलर नीट येत असेल तर म्हणायचं 'पीच'. लोक बघायचे, ही बाई गाडीला फळाच्या नावानं का हाका मारतेय म्हणून. वेंडेलला आजवर त्या शब्दाचा आवाज कानावर आला की बरं वाटायचं, पाठीवर कोणी हात ठेवल्यासारखं. पण आता ती मागं जात होती ती न सांगता, आणि परत येऊन काहीच म्हणत नव्हती.

लेबनन गावी पहिला मुक्काम. संध्याकाळी गारवा होता, त्यानं आपलं जुनं तपकिरी जाकीट अंगावर घातलं, कामावरचं, आणि ट्रेलर सोडवला, कारण अर्लीनला गावात जायचं होतं. सकाळी जोडला. निघताना पाहिलं तर खिट्टी होती, कोरी. कालच्याच कोऱ्या खिट्टीसारखी, पण तीच का हे कसं सांगणार? कोरीला ओळख कुठली? त्यानं खिशातला रंगाचा खडू काढला आणि पुन्हा ठेवून दिला. आपण न तपासलेल्या वस्तूवर ठिपका द्यायचा म्हणजे खोटी सही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडल्या, आता स्वतः करायची होय? गाडीत चढताना जाकिटाचा घेर दाराला लागून काहीतरी कटकन वाजलं. झिपचा तुकडा असेल, त्यानं लक्ष दिलं नाही. 'ते जाकीट दे एकदा,' अर्लीन म्हणाली, 'उसवलंय, शिवून देते.' 'राहू दे.' 'वीस वर्षं राहू देतोय.' 'आणखी थोडी राहू दे.' जाकिटाला हात लावायचं हे एकदम आजच का सुचावं, हेही त्यानं मनात नोंदवून ठेवलं.

ओक्लाहोमाचा लाल, सपाट मुलूख सुरू झाला की त्याला नेहमी थोरल्या भावाची, व्हर्ननची आठवण यायची. तरुणपणी दोघं इथं गहू कापायला आले होते. यंदा मात्र ती आठवण गव्हाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी व्हर्ननच्या पोरांनी त्याची गाडी नेली, ब्रेकचं काम आहे म्हणून. आठ दिवसांत येईल म्हणाले. व्हर्नन खिडकीशी खुर्ची घेऊन बसला. रस्त्यावर काही घरघरलं की म्हणायचा, 'आली वाटतं.' पोरं म्हणायची, पार्ट मिळत नाही. सून म्हणायची, पुढच्या सोमवारी. सगळे इतक्या मायेनं बोलत की बाहेरच्याला वाटावं, केवढं जपतात म्हाताऱ्याला. गाडी पहिल्याच आठवड्यात विकली होती. आणि वेंडेलला जे कोणाला कधी सांगता आलं नव्हतं ते हे, की त्या खुर्चीशेजारी बसून, भावाच्या हातावर हात ठेवून, तोही म्हणाला होता, 'हल्ली गॅरेजवाले फार वेळ लावतात रे.' व्हर्नननं त्याच्याकडे बघितलं होतं. तो भोळा नव्हता, त्याला कळलं होतं, फक्त फसवणाऱ्यांत कोणाकोणाला मोजायचं एवढंच त्याला ठरवायचं होतं, आणि त्या क्षणी त्यानं भावालाही त्यांच्यात मोजलं. आठ महिन्यांनी खुर्ची रिकामी झाली. तेव्हापासून वेंडेलला ठाऊक होतं की हे असंच करतात. ओरडून कोणी किल्ली काढून घेत नाही. गोड बोलून, कॉफी ओतून देऊन, एकेक खिट्टी काढत जातात.

क्लिंटनला पोचल्यावर काटे-चमच्यांच्या खणात, सुऱ्यांच्या खाली, त्याला पाकीट सापडलं. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक, आत सहा खिट्ट्यांच्या सहा जागा, दोन रिकाम्या. तो तसाच खण ओढून उभा राहिला. बाहेर अर्लीन शेजारच्या ट्रेलरमधल्या बाईशी मक्याच्या ब्रेडबद्दल बोलत होती. एकच खिट्टी लागते, मग सहा कशाला? आणि चोरून ठेवायला खण कोणता, तर चमच्यांचा, जिथं तो कधी हात घालत नाही. त्याला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. त्याची पिवळी खिट्टी पळवायची, कधी कोरी घालायची, कधी काढायची, त्याला गोंधळात पाडायचं, आणि किंगमनला पोचल्यावर लेकीपुढं उभं करायचं, बघ तुझ्या बापाला खिट्टीसुद्धा ध्यानात राहत नाही. मग तिथंच गाडी ठेवून घ्यायची. ब्रेकचं काम आहे म्हणायचं. त्यानं पाकीट होतं तसं ठेवलं, सुऱ्यासुद्धा होत्या त्याच दिशेला वळवून. मनात राग किती आणि भीती किती हे त्याला कळेना.

पुढं टुकमकारीला संध्याकाळी तो पाण्याची नळी जोडत होता, आणि ट्रेलरच्या उघड्या खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला. 'वेळ घेऊन ठेव तू,' ती म्हणत होती, 'गुरुवारी नाही तर शुक्रवारी... नाही गं, बाबांना काही पत्ता नाही. तू पण बोलू नकोस. वास जरी लागला ना, तर इथूनच गाडी वळवतील.' मग बराच वेळ ऐकणं, आणि शेवटी, 'मला पण नको वाटतंय गं. पण काय करू?' वेंडेल नळी हातात धरून उभा. पाणी बुटांवर सांडत होतं. गुरुवारी नाही तर शुक्रवारी कोण येणार? गाडीचं गिऱ्हाईक येणार. तिला नको वाटतंय म्हणे. व्हर्ननच्या सुनेलाही नको वाटत होतं, रडायची बिचारी. त्या दिवसापासून तो रस्त्यावरच्या सगळ्यांकडेच तिरक्या नजरेनं बघू लागला. पेट्रोलवाला त्याच्या हाताकडे बघतोय. मुक्कामाच्या जागेचा मालक जागा देताना मुद्दाम विचारतोय, 'मागं घ्यायला जमेल ना, की सरळ आत जाणारी देऊ?' 'चाळीस वर्षं घेतोय,' वेंडेल म्हणाला. 'तसं नाही हो,' मालक म्हणाला आणि अर्लीनकडे बघून हसला. तिच्याकडे बघून का? अर्लीनही हसली. सगळीकडे पाणी मुरत होतं. जुना रस्तासुद्धा त्याला यंदा लबाड वाटत होता, आता होता आणि आता नाही, जणू कोणी पुढं जाऊन तो रात्रीतून उचलून ठेवत होतं.

गॅलपच्या मुक्कामी त्यानं ठरवलं. पुरावा हवा. तिथं ट्रेलर सोडवला नव्हता, क्लिंटनला सोडून पुन्हा जोडला तेव्हाची कोरी खिट्टी झडपेत तशीच होती. सकाळी कडाक्याची थंडी, वेंडेल जाकीट घालून बाहेर आला, वाकला, खिट्टी काढली आणि खिशात टाकली. हे त्याला लिफ्टचा ब्रेक मुद्दाम सोडून बघण्यासारखं वाटलं. मग गाडीत बसून आरशात नजर लावली. अर्लीन ट्रेलरचं दार लावून आली, पायरी आत ढकलली, आणि जाता जाता सहज, अगदी सहज, फटीपाशी थांबली. वाकली. सरळ झाली, पुन्हा ट्रेलरमध्ये गेली, चमच्यांचा खण वाजल्याचं त्याला काच खाली होती म्हणून ऐकू आलं. परत आली, पुन्हा वाकली. मग गाडीत येऊन बसली, पट्टा लावला. 'सगळं ठीक?' त्यानं विचारलं. 'ठीक,' ती म्हणाली. 'मागं काय करत होतीस?' 'काही नाही. पायरी अडकत होती.' चाळीस वर्षं संसार केलेली बाई इतकं सरळ तोंडावर खोटं बोलते, याचा त्याला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. उलट त्याला जिंकल्यासारखं वाटलं. खिशात पुरावा होता. किंगमनला लेकीच्या टेबलावर ती खिट्टी ठेवायची आणि म्हणायचं, आता विचार तुझ्या आईला.

तो मनातल्या मनात ती बोलणी घोळवत होता, त्यातली वाक्यं बदलत होता, अधिक धारदार करत होता. ऊन वर आलं. होलब्रुक गावाच्या अलीकडे जुना रस्ता नव्यापासून फुटतो तिथं तो सवयीनं वळला. दोन्ही बाजूंना खुरटं गवत, तारा गळून पडलेले खांब, डांबराच्या भेगांतून उगवलेली झुडपं. अर्लीन काहीतरी म्हणाली. त्यानं मान हलवली. मैलभर गेल्यावर रस्त्यात मातीचा बांध, बांधावर काटेरी तार, आणि तारेपलीकडे तोच रस्ता तसाच पुढं जाणारा, पण गुरांसाठी. गाडी थांबली. वळवायला जागा नाही, दोन्हीकडे चर. वारा ट्रेलरला धक्के देत होता.

'तिथं पाटी होती,' अर्लीन म्हणाली.

'कुठं?'

'वळणावर. एवढी मोठी, पिवळी. पुढं रस्ता बंद.'

'मग बोलायला काय झालं होतं?'

'बोलले ना. दोनदा. तू हो म्हणालास.'

'मी म्हणालो?' वेंडेल हसला, ते हसू त्याला स्वतःलाही आवडलं नाही. 'बरं. आता पाट्याही तूच लावणार आणि तूच सांगणार. अर्लीन, मला सगळं माहीत आहे. पाकीट माहीत आहे, शुक्रवार माहीत आहे. मला व्हर्नन समजू नकोस. ये, उतर खाली, दाखवतो तुला.'

तो तिला घेऊन मागं आला, फटीपाशी. झडपेत कोरी खिट्टी होती. 'ही कोणी घातली?' 'मी,' ती म्हणाली. तिनं नाकारलं नाही याचा त्याला रागच आला. 'कारण मी सकाळी मुद्दाम काढली होती. बघायला. ही बघ,' आणि त्यानं जाकिटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. बोटं आत गेली, आणखी आत, तळाच्या भोकातून अस्तरात. हे भोक त्याला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. अस्तराच्या घेराशी बोटांना काहीतरी गार लागलं. त्यानं एक काढली. कोरी. मग दुसरी. तीही कोरी. तिसरी. हात थांबत नव्हता, आणि अर्लीन एकदम म्हणाली, 'राहू दे, वेंडेल.' चौथी त्यानं काढली तिच्या कडीवर पिवळा ठिपका होता.

चारांतली एक त्यानं सकाळी मुद्दाम काढली होती. उरलेल्या तीन कोणी काढल्या? त्यानं तळहात तसाच उघडा धरला. तो तपासनीस होता, आणि असं काही हाती आलं की पुढं काय लिहायचं हे त्याला पाठ होतं, लिफ्ट बंद. वारा होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं म्हणायला हरकत नव्हती, पण तो रडत होता.

'कधीपासून?' त्यानं विचारलं.

'गेल्या महिन्यात मेरामेक नदीवर गेलो तेव्हापासून मला माहीत. येताना खिट्टी नव्हतीच. चाळीस मैल तसेच आलो आपण, घरी आल्यावर मी बघितलं. दुसऱ्या दिवशी पाकीट आणलं.' ती त्याच्या तळहाताकडे बघत होती. 'कुठं जातात ते मात्र कळत नव्हतं.'

'बोलली का नाहीस?'

'बोलले असते तर तू किल्ली माझ्या हातात देऊन खिडकीशी जाऊन बसला असतास. व्हर्ननसारखा. मला ते बघायचं नव्हतं.' मग म्हणाली, 'भित्री आहे मी. लपवलं हे चुकलंच.'

'कोलीनला?'

'डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितलीय. तिला वाटतंय माझ्या गुडघ्यासाठी. तुला कळलं तर काळजीनं माघारी फिरशील, असं सांगितलंय तिला.'

त्याला बोलायचं होतं की पाच दिवस मी तुला चोर समजत होतो, खणातल्या खिट्ट्या मोजत होतो. पण तो वाकला, झडपेतली कोरी खिट्टी काढून तिच्या हातात दिली, पिवळी घातली, कडी फिरवून बसवली. पुन्हा सरळ व्हायला त्याला वेळ लागला. 'ओढून बघ,' तो म्हणाला. अर्लीननं त्याच्याकडे बघितलं. 'माझ्यासमोर बघ. रोज. मी घातली की तू ओढायची.' तिनं वाकून ओढली, दोनदा, जोरात. 'पक्की आहे,' ती म्हणाली. मग त्यानं जाकिटातून गाडीची किल्ली काढली, ती डाव्या खिशात होती, धड खिशात, आणि तिच्यापुढं धरली.

'मला मागं घेता येत नाही,' अर्लीन म्हणाली. 'मी कधी घेतलंय?'

'हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर. हात जिकडं नेशील तिकडं घराचं बूड जाईल. वरती धरलास तर उलटं होतं, म्हणून खाली. आणि घाई करू नकोस. मैलभर जायचंय.'

'मैलभर?'

'दुसरं काय करणार? तार तोडून गुरांत जाणार?'

ती गाडीत चढली, खुर्ची पुढं ओढली. तो चालत ट्रेलरच्या मागं गेला, डाव्या कोपऱ्यावर, जिथं चाळीस वर्षं ती उभी राहिली होती. इथून सगळं वेगळं दिसत होतं. घर केवढं मोठं होतं, आणि गाडी किती लांब. त्यानं आरसा शोधला. आरशात तिचा चेहरा होता, घाबरलेला, त्याच्यावर खिळलेला. ती कधीपासून अशी उभी राहत होती, आणि आपण कधी तिच्या बाजूनं बघितलंच नाही, हे त्याला फार लागलं. त्यानं हात वर केला. चाकं हलली, खडी करकरली, घराचं बूड हळूहळू त्याच्याकडे येऊ लागलं, आधी थोडं चराकडे, मग तिचा हात फिरला असावा, सरळ. अगदी सरळ. आता तिला सांगायला हवं होतं. तिनं काच खाली केली होती, ती वाट बघत होती. त्याला अंगण दिसलं, चिरडलेलं मेज, टायरला चिकटलेल्या साली, कोलीनचे कोपरापर्यंत चिकट हात. वाससुद्धा आला. फक्त तो शब्द, त्यांचा तो शब्द काही केल्या येईना. तो हात वर धरून उभा राहिला, तोंड उघडं.

गाडी थांबली. अर्लीननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघून, वाऱ्यावर आवाज चढवून म्हणाली, 'पीच ना, वेंडेल?'

'हो,' तो म्हणाला. 'पीच. ये.'